सहाव्या गाण्याला दहापैकी तीन

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. भाऊबीज होऊन पाच दिवस झालेले. केशोरीपासून चार कोसांवर येरंडटोला, तिथल्या शाळेमागचं पटांगण, मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या गावजत्रेचा दिवस. मुन्ना नावाचा एकोणतीस वर्षांचा गायक दुसऱ्या कडव्याच्या पहिल्याच ओळीवर खाली पडला आणि उठला नाही. त्या वेळी मी त्याच्या उजव्या मुठीत होतो.

मी एक माईक आहे. वायरचा, धातूच्या अंगाचा, जाळीला दोन ठिकाणी पोचे आलेला. लोक माझ्यात बोलतात, मी ते पुढे नेतो, एवढंच माझं काम. स्वतःचं असं मी कधी काही बोललो नाही. आज बोलतोय, कारण त्या पटांगणात हजारभर माणसं होती आणि त्यातलं एक सोडून कोणी बोलत नाही.

कुठल्या शहरातल्या कारखान्यात मी जन्मलो ते मला माहीत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो गोंदियाच्या बाजारात, छोटेलालच्या हातात. छोटेलालचा साउंड सर्व्हिसचा धंदा. लग्न, बारसं, ग्रामसभा, प्रचार, तेरवी, सगळीकडे त्याचे भोंगे. आम्ही चार माईक एका खोक्यात आलो होतो. चौघेही दिसायला सारखे.

माणसांची एक सवय मी पहिल्याच महिन्यात शिकलो. कोणीही मला हातात घेतलं की आधी टिचक्या मारतो, मग फुंकतो, मग तीनदा हॅलो म्हणतो. पुढाऱ्याच्या हातात गेलो की सुटका होत नाही. बायका मला तापलेल्या कढईसारखं लांब धरतात. मुन्ना मात्र मला शर्टाला पुसायचा आणि थेट गाऊ लागायचा. चौघांतला मीच त्याला हवा असायचा, म्हणून त्याने माझ्या मानेला लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती.

मुन्ना आणि त्याची धाकटी बहीण आचल, ही जोडी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. धानाच्या रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर दोघं गावोगाव गात फिरायची. गाणी आचल लिहायची, चाली मुन्ना लावायचा. लोकांना वाटायचं, सगळं मुन्नाचंच. आचलनेही ते कधी खोडून काढलं नाही.

त्या दिवशी पाहुण्यांसाठी लाकडी मंच होता, त्यावर खुर्च्या, त्यावर पांढरी खोळ. गाणाऱ्यांसाठी समोर मंडपाखालची माती. आमच्याकडे गाणारा माणूस उभा राहतो त्या जागेला नमस्कार करतो आणि चपला काढतो. मुन्नानेही काढल्या. पटांगणात धूळ फार उडत होती, आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी यायची होती, म्हणून मंडई भरवणाऱ्या मंडळाने टँकर बोलावून मातीवर पाणी मारलं. दोनदा मारलं.

वीज घेतली होती शेजारच्या मोटारपंपाच्या तारेवर आकडा टाकून. अर्थिंगची सळई छोटेलालच्या दुसऱ्या गाडीत राहिली होती आणि दुसरी गाडी दुसऱ्या मंडईला गेली होती. छोटेलालच्या अॅम्प्लिफायरच्या पेटीत कुठेतरी वायर उघडी पडलेली. पेटीतला करंट वायरमधून माझ्या अंगात येत होता. मला तो जाणवत होता. मी तो थांबवू शकत नव्हतो.

पहिल्या कडव्यानंतर मुन्ना थांबला. त्याने हात झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "छोटेलालभाऊ, माईक झटका मारून राहिला जी."

लोक हसले. माईक झटका मारतो यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. छोटेलालने पेटीमागूनच सांगितलं, "रुमाल बांध अन् ओठापासून दूर धर." मंडळाचे सचिव मंचावरून म्हणाले, गाडी वळणावर आली, आवाज बंद नको. मुन्नाने माझ्याभोवती रुमाल गुंडाळला. रुमाल घामाने ओला होता.

पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

मोबाईलमध्ये व्हिडिओ होते. पन्नास तरी असतील. मंडळाची माणसं त्याच संध्याकाळी घरोघरी गेली आणि हात जोडून म्हणाली, गावाची मंडई आहे, पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही, पुसून टाका. कोणी धमकी दिली नाही. लोकांनी मंडईसाठी पुसून टाकले. कागदावर लिहिलं गेलं, हृदयक्रिया बंद पडून आकस्मिक मृत्यू.

आचल ठाण्यात गेली. तिथे तिला सांगितलं, दोन माणसं आणा. ज्यांनी त्याच्या हातात माईक पाहिला, ज्यांनी त्याचं बोलणं ऐकलं, अशी दोन माणसं सही करून देतील तर चौकशी पुन्हा उघडेल. दोन. ती तीन गावं फिरली. सगळ्यांनी चहा दिला, सगळे रडले, सगळ्यांनी सांगितलं की पाहिलं तर होतं, पण आमचं नाव नको.

मला छोटेलालने पोत्यात टाकलं. पुढे एकाही गाणाऱ्याने मला हातात घेतलं नाही. लाल पट्टी पाहिली की दुसरा माईक मागायचे. शेवटी छोटेलालने मला केशोरीच्या बाजारात ओमेशच्या दुकानात देऊन टाकलं. ओमेश मोबाईल दुरुस्त करतो, ट्रॅक्टरवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो, आणि मागच्या खोलीत गादीचे तुकडे भिंतींना ठोकून त्याने रेकॉर्डिंगची सोय केली आहे. त्याने मला खोलून सुटे भाग काढायचं ठरवलं होतं.

होळीच्या सुमारास आचल त्या दुकानात आली. तिला एकटीने गाणी करायची होती. सात. ओमेशने तिच्यासमोर नवा, मोठा माईक ठेवला. तिने शेल्फावर पाहिलं आणि म्हणाली, "मले तो पाहिजे. लाल पट्टीवाला."

 ओमेशने भिंतीतली पिन काढली, सगळं बॅटरीवर घेतलं, खाली रबरी चटई अंथरली. आचल चपला घालून उभी राहिली. गाताना चपला घालणं तिला जमत नव्हतं, ते मला तिच्या हातावरून कळत होतं. सहा दिवसांत सात गाणी झाली. अल्बमचं नाव तिने ठेवलं 'भाऊबीज गेल्यावर'.

ती ओमेशला एवढंच म्हणाली होती की लोक आता दारात उभं करत नाहीत, पण गाणं घरात घेतात.

घेतलंच. आठ दिवसांत अल्बम प्रत्येक मोबाईलमध्ये गेला. पुढे पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात वाजला, ट्रॅक्टरवर वाजला, गोंदियाच्या गाडीत वाजला. आणि ओमेशच्या दुकानासमोर रोज पाचच्या सुमारास बैठक बसू लागली. मला त्याने टेबलावरच्या स्टँडला लावून ठेवलं होतं, त्यामुळे मी सगळं ऐकत होतो.

बैठकीचे मुख्य होते भोजराज. साठीचे शेतकरी, खंजिरी भजन मंडळाचे अध्यक्ष, पंचक्रोशीतल्या भजन स्पर्धांचे कायमचे परीक्षक. त्यांच्याकडे स्पर्धेची छापील गुणपत्रकं उरली होती. सूर, ताल, शब्द, सादरीकरण, असे रकाने, खाली एकूण, दहापैकी. त्यांनी ती अल्बमला लावली. एका गाण्याला एक कागद.

दुसरे दुर्गाप्रसाद, कापड दुकानदार, गोंदियात वाढलेले. बोलता बोलता हिंदीत शिरणारे. तिसरी शामकलाबाई, शेजारी चहा-पोह्यांची टपरी चालवणारी, जिला सातही गाणी पाठ होती.

दुर्गाप्रसादांना चौथं गाणं आवडलं होतं, नाचाचं. बाकी सब रोना-धोना, असं त्यांचं मत. त्यांनी त्याला दहापैकी दहा मागितले. भोजराज म्हणाले, "तुले गान्याचं काय समजते जी. तू आपला कपडा फाड मीटरनं."

"काका, तुम्ही तर भजनवाले. तुम्हाला ढोलक जोरात वाजला तरी पाप लागते."

"अन् भोजराजभाऊच्या भजनात," टपरीतून शामकलाबाई बोलली, "दावनीच्या म्हशी उठून जात."

असं चालायचं. पहिलं गाणं रोवणीचं, त्याला नऊ मिळाले. भोजराज म्हणाले, ही पोरगी चिखलात उभी राहून लिहिते, म्हणून शब्दाला पाय आहेत. दुसऱ्याला सात. तिसरं गाढवी नदीच्या पुराचं, त्यावर दोन दिवस वाद झाला, कारण अंतऱ्यात तिचा आवाज कापतो. दुर्गाप्रसाद म्हणत होते ही चूक आहे, भोजराज म्हणत होते ही मुरकी आहे. मला माहीत आहे ते काय होतं. त्या ओळीला मुन्ना खालचा सूर धरायचा. ती त्याच्यासाठी जागा सोडून थांबली होती आणि सूर आला नव्हता. त्या गाण्याला साडेसात गुण पडले.

पाचवं अंगाईचं, त्याला आठ. सातवं आईवर लिहिलेलं, रुख्माबाईवर, त्याला नऊ.

आता सहावं.

सहाव्याला चाल नाही. नुसती खंजिरी वाजते, संथ, आणि आचल सांगत जाते. वेळ सांगते, जागा सांगते. पाणी कोणी मारलं, किती वेळा मारलं. सळई कुठे राहिली. भाऊ काय म्हणाला, त्याला काय उत्तर मिळालं. मग शेवटी,

"पहिल्या रांगेत कोन होतं, तुमी होता.
मागच्या रांगेत कोन होतं, तुमी होता.
कोनी आयकलं, तुमी आयकलं.
दोन जन या, दोनच जन या."

हे तीनदा येतं. त्यावर गाणं संपतं.

बैठकीत ते वाजलं तेव्हा चहाचे ग्लास कोणी उचलले नाहीत. मला वाटलं, आता होईल काहीतरी. भोजराज खरोखरच पहिल्या रांगेत होते. पांढरी टोपी, पायाशी पिशवी, मी त्यांना पाहिलं होतं. मुन्ना पडल्यावर सगळ्यात आधी धावलेले तेच होते. त्यांनीच लाकडी दांड्याने माझी वायर बाजूला केली होती.

भोजराजांनी चष्मा पुसला, कोरं गुणपत्रक पुढे घेतलं आणि लिहायला लागले. सूर नाही. ताल आहे, पण एकसुरी. शब्द पुन्हा पुन्हा तेच. सादरीकरण ठीक. एकूण तीन.

"कमी होतात काका," दुर्गाप्रसाद म्हणाले. "साडेतीन तरी द्या. दर्द है."

"दर्द आहे, पन गानं नाही. गान्यात असं नाव-गाव सांगत नसतात."

त्यावर वाद झाला. कितीतरी वेळ झाला. खंजिरी एकसुरी म्हणावी की संयमी, तेच ते शब्द आले की गुण कापावेत की नाही, शेवट तीनदा हवा की एकदा पुरे. बाजूच्या खताच्या दुकानातले दोघे आले आणि त्यांनीही आपापले गुण सांगितले. एकाने चार दिले. एकाने सांगितलं की हे गाणं गाळलं तर अल्बम चांगला होईल. त्यातले तिघे त्या दिवशी येरंडटोल्याच्या पटांगणात होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ते गाण्याच्या लांबीबद्दल बोलत राहिले.

शामकलाबाई हातातला झारा तसाच धरून बाहेर आली.

"हे गानं कायले मोजून राहिले तुमी? हे तर बयान आहे. ते पोरगी तुमाले बोलावून राहिली."

 दुर्गाप्रसादांनी चहा सांगितला. तिने सांगितलं, गॅस संपला.

दुसऱ्या दिवशी तिने टपरी बंद ठेवली. ठाण्यात गेली आणि लिहून दिलं की होय, मी त्या मंडईत भज्यांचं दुकान लावलं होतं, मुन्नाच्या हातात माईक होता, झटका बसतो असं तो म्हणाला आणि ते मी ऐकलं. तिथून परत आली ती थेट ओमेशच्या दुकानात, पाणी प्यायली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, एक झाला.

दुसरा हवा होता.

मी माणूस असतो तर त्या बैठकीतल्या एकेकाच्या कानाशी ओरडलो असतो. माझ्यातून लग्नात किती जणांनी किती शपथा घेतल्या, ग्रामसभेत किती जणांनी छातीवर हात ठेवून सत्य सांगितलं, ते मला माहीत आहे. आवाज मोठा करून मिळतो तेव्हा माणूस निर्भय असतो. कागदावर सही करायची वेळ आली की त्याच माणसाला घरी धान वाळत घातलेलं आठवतं. ओमेशलाही मी सोडत नाही. त्याने गाणी केली, पैसे घेतले नाहीत, तिची बाजू घेतली. पण तो मंडईला आलाच नव्हता, त्यामुळे त्याची सही चालत नव्हती. मुलगा चांगला आहे आणि कामाचा नाही, असं ठाण्यातल्या जमादारांनी तिला हसून सांगितलं.

दसऱ्यानंतर आचल दुकानात आली. हातात लिफाफा होता. माहितीच्या अधिकारात तिने पंचनाम्याची नक्कल मागितली होती, ती पाच महिन्यांनी मिळाली होती. बैठक बसलेली होती. भोजराज त्या दिवशी सगळ्या गाण्यांची बेरीज करत होते. सहाव्यामुळे सरासरी खाली येते, हे त्यांनी नुकतंच सांगितलं होतं.

तिला पाहून सगळे सरकून बसले. दुर्गाप्रसाद म्हणाले, बेटी, चौथा गाना जबरदस्त. ती हो म्हणाली. तिने लिफाफा ओमेशला दिला आणि वाचायला सांगितलं, कारण तिने तो सकाळपासून इतक्यांदा वाचला होता की आता तिला अक्षरं दिसत नव्हती.

ओमेशने वाचलं. मृताच्या हातात अथवा जवळपास माईक, वायर किंवा विजेचं कोणतंही उपकरण आढळून आलेलं नाही. खाली पंच म्हणून दोन सह्या. एक सही मंडळाच्या सचिवांची. दुसरी भोजराजांची.



आचलने आवाज चढवला नाही. "काका, तुमीच तं वायर बाजूला केली होती दांड्यानं. मंग हे काऊन लिहिलं?"

भोजराजांनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "मी लिहिलं नाही, बाई. मले कोऱ्या कागदावर सही मागतली. मी नेहमीच देतो. कोनाचाही पंचनामा असो, मले बोलावतात, मी सही देतो."

हे खरं होतं. आमच्या भागात मोठ्या वयाचा, भजनाचा, निर्व्यसनी माणूस पंच म्हणून बोलावतात, आणि असा माणूस कागद वाचत बसत नाही. वाचला तर विश्वास नाही असं होतं. तीस वर्षं भोजराजांनी अशा सह्या दिल्या होत्या आणि त्याला ते मान समजत होते.

"मंग आता खरं लिहून द्या," आचल म्हणाली. "एक शामकलाबाईचं आहे. तुमचं झालं की दोन होते."

"लिहून दिलं तर मी खोटी सही केली असं होते."

"होते."

 भोजराज गुणपत्रकांच्या कडा जुळवत राहिले, सात कागद, पुन्हा पुन्हा. मग उठले, म्हणाले, पंधरा दिवसांवर मंडई आली, ते होऊन जाऊ दे, मग पाहू. आचलच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. ती मागे सरकली नाही. ती पुढेही आली नाही. त्यांचा हात तसाच खाली आला आणि ते सायकल घेऊन निघून गेले.

मंडई झाली. येरंडटोल्यात या वर्षी पाहुण्यांनाही आणि गाणाऱ्यांनाही एकच लाकडी मंच होता, आणि छोटेलालने वायर नसलेले चार नवे माईक आणले होते, असं दुर्गाप्रसाद सांगत होते. अर्थिंगची सळई दोन ठिकाणी ठोकली होती. भोजराज पहिल्या रांगेत होते. सुरुवातीला मुन्नाच्या फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिले. आचलला गायला बोलावलं होतं. ती गेली नाही.

ओमेशच्या दुकानासमोरची बैठक आता दुसऱ्या कोणाच्या तरी अल्बमवर बसते. शामकलाबाई त्यांना चहा देते, पण बोलत नाही. आचल दर सोमवारी ठाण्यात जाते. एकच जबाब आहे, एकच आहे, असं तिला दर सोमवारी सांगतात.

मी अजून इथेच आहे. टेबलावर, स्टँडला. माझ्या अंगावर त्या रुमालाचे धागे चिकटलेले आहेत, मानेजवळ पेटीच्या बाजूने आलेला काळा डाग आहे, आणि जो कोणी वायरमन मला खोलून पाहील त्याला पाच मिनिटांत सगळं कळेल. मला न्यायला कोणी आलेलं नाही. मी सरकारी कागदावर नाहीच, तर मला जप्त कोण करणार? ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने एकदा केशोरीच्या बाजारात यावं, एवढीच माझी मागणी आहे.

आचलने ती नक्कल घेऊन सगळ्यांना विचारलं आहे. जमादार म्हणाले, अक्षर माझं नाही. सचिव म्हणाले, मी फक्त सही केली. भोजराज म्हणतात, कागद कोरा होता. लिहिणारा माणूस माईक हा शब्द लिहायला विसरला नाही. माईक तिथे नव्हता असं सांगताना त्याने त्या यादीत मला पहिल्या क्रमांकावर घातलं. अक्षर वळणदार आहे, शाई निळी आहे, आणि ते वाक्य कोणी लिहिलं हे अजून कोणी सांगितलेलं नाही.